आईच्या तव्यात लोणी

“कच्चं आहे हे,” आई म्हणाली.

“कच्चं नाही. आतून असंच गुलाबी राहायला हवं.”

“असं कोण म्हणतं?”

“कुटिन्हो साहेब.”

“त्यांना घरी कुणी धड शिजवून घातलेलं दिसत नाही.” तिने बशी माझ्याकडे सरकवली. “आणि खारट किती झालंय, खाऊन बघ.”

मी तुकडा तोंडात टाकला आणि उठून तांब्याभर पाणी प्यालो. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी त्या मांसाला तासभर आधी चांगलं मीठ चोळून ठेवलं होतं. पण सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी आईनेही ते अर्धा तास पाण्यात बुडवून, मग तासभर मिठात ठेवून, धुऊन ठेवलं होतं. आमच्या घरात येणारं प्रत्येक मांस आधी असं मिठातून जातं. त्यातलं रक्त निघून जायला हवं. तिने तिचं काम केलं, मी माझं केलं, आणि एकमेकांना सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

“मीठ माझ्याकडे राहू दे,” आई म्हणाली. “तू नुसता आच सांभाळ.”

हे ठाण्यातलं, चौऱ्याऐंशी सालचं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मुंबईतल्या एका बड्या हॉटेलच्या भटारखान्यात दोन वर्षं रात्रपाळीला कांदे-बटाटे सोलत होतो. तात्पुरता होतो, म्हणजे कधीही घरी बसवतील असा. त्या वर्षी ग्रिलवर एक पक्की जागा निघाली. ग्रिलचे मुख्य कुटिन्हो साहेब. त्यांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितलं, तीन आठवड्यांनी प्रत्येकाने त्यांच्यासमोर एक स्टेक करायचा, बिडाच्या तव्यावर, आणि ज्याचा जमेल तो राहील. बाकीच्या दोघांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई म्युनिसिपल दवाखान्यात सुईण होती आणि मार्चमध्ये निवृत्त होणार होती. मला त्या जागेची किती गरज होती हे आम्हा मायलेकांना बोलून दाखवावं लागत नव्हतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझं नाव एझ्रा पेझारकर, आईचं मिल्काबाई. आमचे पूर्वज अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आईला या नावाचा कोण अभिमान. मांसाच्या बाबतीत ती थोडी सैल होती. आमच्या हज्जानने, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या काकांनी, कापलेलं मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर मुसलमान खाटकाकडचंही तिला चालायचं. पण मांस आणि दूध एका भांड्यात येणं तिला चालायचं नाही. दुधाची पातेली वेगळ्या फळीवर, त्यांचे चमचे वेगळे, घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. मटणात ती नारळाचं दूध घालायची आणि म्हणायची, देवाने आपल्यासाठी हे झाडावर ठेवलंय.

आता अडचण अशी होती की कुटिन्हो साहेबांच्या स्टेकमध्ये लोणी होतं.

मी हे तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“मांसात लोणी?”

“शेवटी घालतात. तवा कलता करायचा, लोणी एका बाजूला जमतं, ते चमच्याने मांसावर घालत राहायचं. आंघोळ घातल्यासारखं.”

“तेलाने घाल आंघोळ.”

“तेलाने नाही होत, आई.”

“एझू, आपण तेली. तेलाने काय होत नाही?” ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, “हॉटेलात तू काय करतोस ते मी विचारत नाही. विचारणारही नाही. पण हा तवा माझा आहे. यात लोणी पडणार नाही.”

“नाही पडणार.”

“बस तर. शपथबिपथ मला नको. तू नाही म्हणालास ना, झालं.”

आणि ती पुन्हा तांदळाकडे वळली.

तो तवा तिच्या लग्नातला होता. बिडाचा, बोटभर उंच काठाचा, आतून इतका काळा आणि गुळगुळीत की धुतल्यावर खिडकीचे गज त्यात दिसायचे. त्यावर तिने तीस वर्षं भाकऱ्या भाजल्या होत्या, मासे तळले होते, शुक्रवारी संध्याकाळी कोंबडीचे तुकडे परतले होते. आता कुणीही विचारेल, मग तू दुसरा तवा का नाही घेतलास? घेतला होता. भांडेगल्लीतून नवाकोरा बिडाचा तवा आणला, दोनदा तेल पाजलं आणि त्यावर मांस टाकलं. ते असं चिकटलं की उलथन्याने खरवडताना अर्धं वर आलं आणि अर्धं खाली राहिलं. नवं बीड मांस सोडत नाही. त्याला वर्षं द्यावी लागतात आणि माझ्याकडे आठवडे होते.

चार दिवस मी प्रामाणिकपणे तेलात केलं. दोन बोटं जाड अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचं मऊ मांस, फडक्याने पार कोरडं केलेलं. तवा धुरावर आला की मांस टाकायचं आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, हे मला जमलं. साहेब म्हणायचे, “हलवू नको रे, मांस झोपलंय, झोपू दे त्याला.” एक बाजू तपकिरी झाली की ते आपोआप सुटतं. उलटायचं, पुन्हा थांबायचं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पुढचा चमच्याचा खेळ तेलात शिकता येत नव्हता. तेल मुकं असतं. लोणी आधी फेसाळतं, चरचरतं, मग एकदम गप्प होतं आणि काजू भाजल्यासारखा वास सुटतो. तिथून दहा-बारा सेकंदांत ते करपतं. साहेब नेमके तेच दहा सेकंद बघणार होते.

पाचव्या दिवशी आई सकाळच्या पाळीला गेल्यावर मी तिच्या तव्यात लोणी टाकलं.

पहिलं करपलं. दुसरं जमलं. खरं सांगायचं तर इतकं सुरेख जमलं की मी उभ्याउभ्याच ते खाल्लं आणि मला तव्याची आठवणच राहिली नाही. मग आली. दोन्ही खिडक्या उघडल्या. तवा मिठाने घासला, उकळत्या पाण्याने धुतला, तेलाचा हात फिरवला, खिळ्याला टांगला. लोण्याचा कागद खिशात घालून रस्त्यावरच्या पेटीत टाकून आलो. दुपारी तीनला आई आली, हातपाय धुतले, ओट्यापाशी जरा उभी राहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. आज तीन बाळंतपणं झाली. पाय दुखतायत,” ती म्हणाली आणि चहा टाकला.

माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे त्या तव्यावर भाकऱ्या भाजल्या. मी मान खाली घालून दोन खाल्ल्या. तिच्या नियमाप्रमाणे तो तवा आता बाटला होता आणि त्यावर भाजलेलं सगळंच बाटलेलं होतं. पण जे तिला माहीतच नाही त्याचं पाप तिला कसं लागेल, अशी मी माझी समजूत काढली. लागलं तर ते माझ्या नावावर लागेल. तेविसाव्या वर्षी माणसाला आपल्या नावावर बरंच काही पेलेल असं वाटतं.

नंतर एक दिवसाआड हेच चाललं. सकाळी लोणी, दुपारी खिडक्या, संध्याकाळी भाकरी. हात बसत गेला. लोणी गप्प झाल्याचं आता मला पाठमोरा असतानाही कळायचं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आई भाकरी खात नाही. भाजायची, डब्यात रचायची, मला वाढायची आणि स्वतः भात घ्यायची. मी विचारलं, तर म्हणाली, “दाढ ठणकतेय.” तिची दाढ खरंच किडलेली होती, त्यामुळे पुढे बोलायला जागा नव्हती. पण मला झोप येईना. तिला कळलंय का? कळलं असतं तर ती बोलली असती. माझी आई बोलणारी बाई होती, वॉर्डातल्या डॉक्टरांना झापणारी. मग नसेल कळलं. पण मला खात्री हवी होती.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. तिने नारळाच्या दुधातलं मटण केलं होतं. मी डब्यातली सगळ्यात मऊ भाकरी काढून तिच्या ताटात ठेवली.

“अरे, दाढ—”

“मऊ आहे. कुस्करून रश्श्यात घे.”

“भात आहे ना मला.”

“रोज काय भात? एक घे की, माझ्यासाठी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हसून पाहिलं, हे मला चांगलं आठवतं. मग तिने भाकरी हातात घेतली, बारीक कुस्करली, त्यावर रस्सा घातला आणि बोटांनी कालवत राहिली. तेवढ्यात दारावर थाप पडली. मागच्या गल्लीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. आईने ताटातच हात धुतला, पिशवी उचलली आणि गेली. मला वाटलं, चला, म्हणजे तिच्या मनात काही नाही. असतं तर तिने भाकरीला हात लावला नसता. मी निवांत दोन घास जास्त खाल्ले.

बुधवारी परीक्षा झाली. बाकीच्या दोघांपैकी एकाने तवा तापायच्या आधीच मांस टाकलं. दुसऱ्याचं चांगलं होतं, पण घाबरून तो सारखं उलटत होता. माझी पाळी आली तेव्हा कुटिन्हो साहेब माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले. मी मांस टाकलं, हात मागे बांधले. उलटलं. लोणी टाकलं, लसूण ठेचून टाकली, तवा कलता केला. लोणी फेसाळलं, चरचरलं, गप्प झालं. मी आठ चमचे घातले आणि आच बंद केली.

साहेबांनी मांस पाच मिनिटं राहू दिलं, मग कापलं, एक तुकडा खाल्ला, सुरी पुसली.

“हे घरी शिकलास?”

“हो.”

“कोणत्या तव्यावर?”

“आईच्या.”

“आईला थँक्यू सांग,” ते म्हणाले. “सोमवारपासून ग्रिलवर ये.”

मी घरी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. आई नेसूची साडी बदलून खुर्चीत बसली होती आणि तवा जाड कापडी पिशवीत घालून तिच्या पायाशी ठेवलेला होता.

“झालं?”

“झालं. पक्की झाली.”

तिने मला वाकायला सांगितलं, डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि हिब्रूतला आशीर्वाद पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरा आनंद झाला होता तिला, त्याबद्दल मला कधीच शंका आली नाही. मग तिने डोळे पुसले.

“आता तुझं काम संपलं ना या तव्याशी?”

“हो.”

“मग उचल. लोहाराकडे जायचंय. हज्जानकाकांना विचारलंय मी. लाल होईपर्यंत तापवला की शुद्ध होतो म्हणाले.”

मी पिशवी उचलली. घरापासून लोहाराचं दुकान पंधरा मिनिटांवर होतं. वाटेत तिला दोन बायका भेटल्या, एकीच्या मुलाचं वजन किती वाढलं हे तिने थांबून विचारलं.

लोहाराने तवा निखाऱ्यांत ठेवला आणि भाता चालू केला. “बीड आहे बाई. तापवतो, पण पाण्यात नाय टाकनार. तडकंल. आपला आपन थंड होऊ द्यायचा.”

“होऊ दे. मला घाई नाही,” आई म्हणाली.

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. तव्याचा काळा थर आधी धुरायला लागला, मग पापुद्रे सुटले.

“कधी कळलं?” मी विचारलं.

“पहिल्याच दिवशी. ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा. एझू, तीस वर्षं मी त्या ओट्याशी आहे. तिथे कशाचा वास येतो आणि कशाचा येत नाही, हे मला कळणार नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू थांबला असतास.”

“हो.”

“आणि जागा गेली असती तर जन्मभर मनात म्हणाला असतास, आईच्या तव्यामुळे गेली. तोंडाने म्हणाला नसतास. मला ते नको होतं.”

“म्हणून तू अडीच आठवडे नुसता भात खाल्लास.”

“भाताला काय झालंय? चांगला असतो भात.”

मला जरा बरं वाटलं. मला वाटलं, हिने मला माफ केलंय, हे असंच सांगायची हिची पद्धत आहे. मी म्हणालो, “आई, चुकलं माझं. मी तुला नाही म्हणालो होतो आणि तरी लोणी टाकलं.”

“लोण्याचं जाऊ दे रे.” ती तव्याकडे बघत होती. कडेने तो लाल व्हायला लागला होता. “नोकरीसाठी टाकलंस, समजू शकते मी. देवालाही समजत असेल. मी मनाशी म्हणत होते, पोरगा माझ्यापासून लपवतोय, म्हणजे त्याला लाज आहे. मनात कुढत असेल बिचारा. मी खात नाहीये हे बघून त्याला आतून बरंच वाटत असेल.”

लोहाराने भाता जोरात मारला.

“मग रविवारी तू मला भाकरी वाढलीस.”

मी तव्याच्या रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागलो.

“आग्रह करून वाढलीस. माझ्यासाठी खा म्हणालास. मी तुझ्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी ताटातून उचलून घेईल. तू हसलास.”

तवा पुरता लाल झाला होता. लोहाराने चिमट्याने तो बाहेर काढून राखेवर ठेवला. आईने उठून जवळून पाहिला, मान हलवली आणि पुन्हा येऊन बसली. तो थंड होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं, मी तिच्या रागाला लहानपणापासून सरावलो होतो. ती शांतपणे बसून लोहाराशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलत होती. मला मात्र तिथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं.

तवा करडा, खरखरीत होऊन घरी आला. तिने पहिल्यापासून त्याला तेल पाजायला घेतलं, रोज एक हात. पुढच्या शुक्रवारी मी तिला म्हणालो, आज तू बस, मी करतो. बांगडे आणले, तिच्या पद्धतीने वाटण लावलं, तिच्याच तव्यावर तिच्याच तेलात तळले. तिला ताट वाढलं. तिने घास हातात घेतला आणि तोंडापाशी नेऊन थांबली.

“खाऊ ना मी?” तिने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी हजार वेळा ऐकून घेतला असता. दवाखान्यात ती जशी विचारायची, हे औषध जेवणानंतरचंच ना, तसं साधं विचारलं होतं. ज्याला माहीत असतं त्याला विचारायचं, एवढंच.

“खा आई,” मी म्हणालो. ती जेवली. बांगडा छान झालाय म्हणाली.

पुढे मी ग्रिलचा मुख्य झालो. एकतीस वर्षांत किती हजार माणसांना खाऊ घातलं याचा हिशेब नाही. त्यातल्या एकानेही माझ्या हातचा घास तोंडापाशी थांबवला नाही. घरी मी आईला चहा दिला, उपमा दिला, पाहुण्यांसमोर आग्रहाने काही वाढलं, तरी ती आधी विचारायची, “खाऊ ना मी?” मी लग्न केलं, मुलं झाली, मुलं हसायला लागली, आजी, पप्पा एवढे मोठे शेफ आणि तू त्यांना विचारतेस? ती त्यांच्याबरोबर हसायची. माझ्या बायकोच्या हातचं खाताना तिने एकदाही विचारलं नाही. मुलांना यामागचं कारण तिने कधीच सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ब्याऐंशीव्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी पातळ काहीतरी भरवायला सांगितलं होतं. मी पेज केली, तिला उशीला टेकवून बसवलं आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड उघडलं नाही. मला वाटलं, गिळता येत नसेल. बायको म्हणाली, सकाळी माझ्या हातून अर्धी वाटी गेली की. मी पुन्हा चमचा नेला. आईने ओठ मिटलेलेच ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. ती वाट बघत होती.

“खा आई,” मी म्हणालो. “यात काही नाही.”

तिने तोंड उघडलं.